देवापुढच्या तीन चिठ्ठ्या

मंडळी, कारखान्यात कॉम्प्युटर येणार म्हणून आपल्या वाचन मंडळाने प्रोग्रॅमिंगची तीन पुस्तकं निवडली होती. त्यातलं एक आज ठरलं. नेहमीप्रमाणे कॅन्टीनमधल्या गणपतीपुढे चिठ्ठ्या ठेवल्या. मी एक उचलली. निघालं हजेरीचे प्रोग्रॅम शिकवणारं पुस्तक.

वीस वर्षं मी हजेरीच लिहितोय. शंका आली, म्हणून उरलेल्या चिठ्ठ्याही उघडल्या. तिन्हींवर तेच नाव!

चिठ्ठ्या आपल्या मंडळातल्या जाधवने लिहिल्या होत्या. “देवापुढे लबाडी?” मी विचारलं.

“मशीन आलं की पहिलं तुमचंच टेबल उठणार, काका. तवा देव येणार हाय का हजेरी घ्यायला?”

पुस्तक घरी आणलंय, अजून उघडलेलं नाही. जाधवने हे माझ्या काळजीपोटी केलं, की माझं काम माझ्याच हातून मशीनवर चढवायला कारखान्याच्या साहेबांनी करून घेतलं? तुम्ही उघडलं असतं?