कापसाच्या ग्रहावरचा चौथा भाग

आमच्या घरातल्या कापसाचा मी एकदा ग्रह केला होता, आणि तो विकत घ्यायला सरकारने जवळजवळ नकार दिला.

मुळात कापूस घरात का होता, ते सांगतो. त्या वर्षांत भाव असा काही पडला होता की आमच्या दारव्हा गावात जो भेटेल तो नमस्काराऐवजी "केंद्र कधी उघडते?" असंच विचारायचा. सरकारी खरेदी केंद्र उघडेपर्यंत कापूस ठेवायचा कुठे? घरात! आमचे बाबा कचेरीत कारकून, पण गावालगत आमचं वावर होतं, आणि त्या वावरातला सगळा कापूस आमच्या बैठकीत खिडकीपर्यंत रचलेला होता. आम्ही जेवायचो स्वयंपाकघरात, झोपायचो मधल्या खोलीत आणि अंग खाजवायचो सगळीकडे. (साठवलेल्या कापसातले किडे घरच्या माणसांना फार लवकर आपलं मानतात.) आमचा टीव्ही त्या ढिगाच्या मागे कुठेतरी होता, अशी आमची श्रद्धा होती.

घरी येऊन भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला बाबांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या भावात देत नाही! माह्या कापसाले केंद्रावर वरची ग्रेड भेटते, पाहून घ्या!" तेव्हापासून तो व्यापारी रोज आमच्या घरावरून जाताना खिडकीकडे बघून हसायचा. वर्षाचं पीक आणि बाबांची पत, दोन्ही त्या एकाच ढिगात होती.

माझा जीव मात्र 'तारों के रखवाले'मध्ये अडकला होता. हिंदीत डब केलेला परदेशी सिनेमा, एकूण तीन भाग. केबलवाल्याने ते इतक्या वेळा दाखवले होते की आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनाही अंतराळयानाचा गिअर कुठे असतो ते ठाऊक होतं. तिसऱ्याच्या शेवटी शूर कप्तान एका पांढऱ्याशुभ्र ग्रहाच्या बर्फात खोल बुडतो आणि त्याचा यंत्रमानव, ज्याला अख्खं दारव्हा 'डब्बा' म्हणायचं, काठावर त्याची वाट पाहत बसतो. बस. आणि एके दिवशी पेपरात चार ओळी आल्या : ही मालिका आता संपली, पुढचा भाग निघणार नाही!

त्या दिवशी मी जेवलो नाही. (सकाळी. संध्याकाळी आईने वांग्याचं भरीत केलं होतं.)

पानठेल्यावर दोन तट पडले. एक म्हणे, झालं ते बरं झालं. दुसरा म्हणे, पुढे चाललीच पाहिजे. दुसऱ्या तटात मी एकटाच होतो, पण माझा आवाज मोठा होता. परदेशातले लोक चौथा भाग काढत नसतील, तर तो दारव्ह्यात निघेल, असं मी तिथेच जाहीर करून टाकलं. माझी पात्रता? मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलो होतो. म्हणजे शास्त्राचा अभ्यास इतरांपेक्षा दुप्पट झाला होता!

लग्नाचं शूटिंग करणारा शंभू माझा वर्गमित्र. लग्नसराई नसल्यामुळे त्याचा कॅमेरा रिकामाच होता. कप्तान म्हणून मी माझा आतेभाऊ गजू याला घेतलं. त्याला चंदेरी रंग दिलेलं युरियाचं पोतं घातलं आणि डोक्यावर त्याच्या वडिलांचं हेल्मेट. डब्बा म्हणजे तेलाचा पिपा, वर अँटेना म्हणून सायकलची तार. आणि पांढराशुभ्र ग्रह? तो तर बाबांनी आधीच बैठकीत रचून ठेवला होता!

"अबे, मामाजी काही म्हनतीन तं?" गजू हेल्मेटातून म्हणाला.

"ते कचेरीत हायेत. तू बूड."

"किती बुडू?"

"कप्तान बुडला तितका!"

गजू बुडला. मग बर्फ चमकायला पाहिजे म्हणून मी गणपतीच्या सजावटीतली उरलेली चमकी ढिगावर मुठीमुठीने उधळली. शंभू म्हणाला, "वा भाऊ, असा ग्रह तं त्याहीच्या बापानं पाह्यला नसन!" आमचं शूटिंग जेवढं झालं तेवढं झालं. गजूला मात्र पुढे बरेच दिवस खाज सुटली होती. कलेसाठी एवढं सोसावंच लागतं, असं मी त्याला समजावलं.

आणि मग अचानक केंद्र उघडलं.

बाबांनी पहाटे, उजाडायच्या आधी, माणसं लावून बैलबंडी भरली. बैठकीतल्या मिणमिणत्या दिव्यात चमकी आधीही कोणाच्या नजरेत आली नव्हती, पहाटेच्या अंधारात तर नाहीच. मला सोबत घेऊन बंडी केंद्रावर रांगेत लागली, सूर्य वर आला, आणि शेकडो पांढऱ्या बंड्यांमध्ये आमची एकटीच बंडी लखलखायला लागली!

आधी शेजारच्या बंडीवरचे काका खाली उतरले. "काहो भाऊ, हे कोणतं बियाणं म्हनावं?"

बाबा गोंधळले. "आपलं नेहमीचंच."

"सांगा नं राजेहो! लपवता काहून? बोंडातच चमकी येते का फुटल्यावर?"

त्या वर्षांत नवं बियाणं म्हटलं की माणसं रांगा लावायची. पाहता पाहता आमच्या बंडीभोवती ही गर्दी! कोणी विचारतंय फवारणी किती लागते, कोणी विचारतंय बोंडअळी येते की नाही. "चमकीमुळं अळीचे डोळे दिपत असतीन," असं एकाने परस्पर सांगूनही टाकलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. फाटकाबाहेर तो व्यापारी दुचाकीवर रेलून उभा होता आणि केंद्राने नाकारून परत पाठवलेल्या बंड्यांची वाट पाहत होता.

आमचा नंबर आला. कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर साहेब म्हणजे जाड चष्मा आणि कपाळावर कायमची आठी. त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला, उन्हात धरला. मग पुन्हा हात घातला, आणि बाहेर आली सायकलची तार.

"हे काय होय?"

"अँटेना," मी ठणकावून सांगितलं.

"कापसाले?"

"नाही साहेब, डब्ब्याले. 'तारों के रखवाले'चा चौथा भाग काढला आम्ही. हा कापूस म्हंजे तो बर्फाचा ग्रह."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "चौथा? तुले कोन सांगतलं चौथा काढाले?"

मी हरखलो. माणूस जाणकार निघाला! "साहेब, तुम्ही पाह्यला?"

"पाह्यला? तिसऱ्याच्या शेवटी मी रडलो बे! कप्तान गेला, डब्बा वाट पाहत राह्यला. संपलं! त्याच्या पुढं एक शब्द बोलला की सत्यानाश!"

"हो म्हण," बाबा माझ्या कानात म्हणाले. "साहेबाले हो म्हण."

बाबांचं वर्षाचं पीक बंडीत, व्यापारी फाटकात, आणि माझ्या एका 'हो'चा सवाल. कोणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. पण मी दोनदा बी.एस्सी.ला बसलेला माणूस!

"मंग डब्ब्यानं काय जनमभर वाट पाहाव काय?" मी कडाडलो.

"पाहाव! त्यातच तं मजा हाय!"

"तुम्ही बसून पाहा बरं बर्फात!"

"मी बसलोच हावो इथं धुळीत! कोनता चौथा भाग आला माह्यासाठी?"

रांगेतली माणसं जमली. पाहता पाहता केंद्रावर दोन तट पडले. शेजारचे काका माझ्या बाजूचे : "पोट्टा बरोबर बोलते, अधुरं सोडू नये." मागचा एक जण म्हणाला, "पयल्यांदा आमची बंडी तं सोडा! मंग काढा पाचवा!" बैल हंबरायला लागले. वाद मी जिंकत होतो, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. शेवटी साहेबांनी चष्मा चढवला, बंडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मालात भेसळ आहे. बंडी परत!"

फाटकातल्या व्यापाऱ्याने दुचाकी स्टँडवरून काढली.

तेव्हा बाबा पुढे झाले. आयुष्यात कधी कोणापुढे हात न जोडलेला माणूस, हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमचं सोळा आणे खरं हाय. ह्याचा चौथा भाग एकदम भिकार!"

"तुम्ही पाह्यला?"

"पाहाव कायले लागते? मी ह्याचा बाप हावो! बी.एस्सी.चा पयला भागच हा दोनदा करून राह्यला. ज्याचा दुसरा भाग निघत नाही, तो चौथा काय काढीन?"

आख्खी रांग हसली. ग्रेडर साहेबांच्या कपाळावरची आठी मी पहिल्यांदाच मोडलेली पाहिली. "वरवरची चमकी वेचून काढा," ते म्हणाले, "खालचा माल चोख दिसते. आन् ती कॅसेट मले आणून द्या. चौथा भाग काहून काढू नये, हे लोकांले दाखवाले कामी येईन."

ऐन उन्हात बंडीवर बसून मी चमकी वेचली. बाबांच्या कापसाला वरची ग्रेड मिळाली, व्यापारी न हसता निघून गेला, आणि बाबांनी परतीच्या वाटेवर मला जिलबी खाऊ घातली. ती कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता, पण माझ्या सिनेमाला ते भिकार म्हणाले होते, त्यामुळे मी आणखी एक जिलबी मागून घेतली.

पुढच्या आठवडी बाजारात बाबांना ग्रेडर साहेब भेटले. बाबा पिशवीसकट थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"साहेबानं पाह्यला तुहा सिनेमा."

"काय म्हनाले?"

"भिकार म्हनाले." बाबा घुटमळले. "पण शेवटी दरवाजा उघडते, कप्तान त्याच्याकडं पाह्यते, जोरात किंचाळते आन् सगळं बंद होते... ते म्हने लय जबरदस्त! रातभर झोप नाही आली त्याहिले. विचारत होते, दरवाज्यात कोन असते? पाचव्या भागात कळते काय?"

खरं सांगायचं तर दरवाजात आई होती, हातात झाडायचा फडा घेऊन. गजूची किंकाळी अस्सल होती, आणि शंभू कॅमेरा बंद न करताच खिडकीतून पळाला होता.

"काढू दे नं पाचवा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "फडा हाय माह्या हाताशी."

मालिका योग्य जागी थांबली पाहिजे, त्यापुढे एक शब्दही वाढवू नये, असं माझं तेव्हापासून अगदी ठाम मत आहे.