करोल बागेतला फोटोवाला

पाच महिन्यांच्या लेकीला विमानाने सिंगापूरला फिरायला न्यावं का, यावर घरात सगळेच बोलत होते. डॉक्टर हो म्हणाले, तसे आम्ही तिच्या पासपोर्टच्या फोटोसाठी दिल्लीतल्या करोल बागेत गेलो. ती गाढ झोपलेली. नवरा उठवायला लागला, तर म्हाताऱ्या फोटोवाल्याने त्याला थांबवलं. अर्धा तास त्याने गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावलं आणि ती टकमक बघू लागल्यावरच फोटो काढला.

निघताना मी त्यालाच विचारलं, विमानात बाळाचे कान दुखतात का?

"बच्ची तो मज़े से जाएगी," तो म्हणाला, "डर तो आप रही हैं, बेटा."

माझे डोळे भरून आले. मला भीती वाटते का, हे तोवर घरात कुणी विचारलंच नव्हतं. मेट्रोत नवऱ्याने लेकीला आपल्या मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "अच्छा, तू म्हणशील तेव्हा जाऊ."