मामा, भाची आणि मराठीतली तक्रार

तो कागद उलगडून पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आज इतक्या वर्षांनंतरही तो क्षण पुसट झालेला नाही. बंगळूरच्या पोलीस ठाण्यात टपालाने रोज अर्ज येतात. कन्नड असतात, इंग्रजी असतात, क्वचित तमिळ किंवा उर्दू. पण माझ्या सगळ्या नोकरीत ठाण्याच्या टपालात मराठी अर्ज आला तो हा एकच.

तेव्हा मी मल्लेश्वरमच्या बाजूला एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. आमचे घराणे कित्येक पिढ्या बंगळूरचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. ठाण्यात मराठी वाचणारा मी एकटा. म्हणून टपाल नोंदवणाऱ्या हेड कॉन्स्टेबलने पाकीट फोडले, आतली लिपी पाहिली आणि कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला.

मजकूर असा होता:

"येत्या रविवारी सकाळी कल्याण मंटपात एक लग्न आहे. नवरा मुलगीचा सख्खा मामा आहे. मुलगीला सोळा वर्षंही पुरी नाहीत. नवऱ्याला अटक करून मुहूर्त जाईपर्यंत ठाण्यात बसवून ठेवा. स्वल्प लवकर या. अक्काला ठाण्यात बोलावू नका, तिला बीपी आहे."

सोबत मंटपाचे, म्हणजे मंगल कार्यालयाचे, नाव आणि घराचा पत्ता होता. खाली सही नव्हती.

बुधवारची दुपार होती. बालविवाहाचा गुन्हा दखलपात्र आहे. अशी खबर आली की पोलिसाला बसून राहता येत नाही. मी स्टेशन डायरीत नोंद केली, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यांना फोन लावला आणि महिला कॉन्स्टेबलला साध्या कपड्यांत मंटपाकडे पाठवले. अंगात एकदम तरतरी आली होती. लहान मुलीला वाचवायचे असते तेव्हा वय झालेल्या पोलिसाचेही पाय भरभर पडतात.

हेड कॉन्स्टेबलला मी मजकूर कन्नडमध्ये समजावून सांगितला. तो गोंधळला.

"वयाचं ठीक आहे, सर. पण मामा-भाचीचं काय लिहिलंय त्याने? माझी बायको माझ्या अक्काचीच मुलगी आहे. वीस वर्षं झाली. आमचं छान चाललंय."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "पण लिहिणारा मराठी आहे. मराठ्यांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, खुद्द मामाशी सहसा नाही."

"बंगळूरला राहून राहून तुमच्यातही काही घरांत चालत असेल, सर."

त्याचे म्हणणे बरोबर निघाले, पण ते पुढे.

गुरुवारी दुपारपर्यंत पहिला धक्का बसला. मंटपाच्या नोंदवहीतून नावे मिळाली. मुलगी इंदिरानगरमधल्या एका ऑफिसात नोकरी करत होती. महिला कॉन्स्टेबलने तिच्या शाळेतून दहावीच्या गुणपत्रिकेची नक्कल आणली. जन्मतारखेप्रमाणे मुलगी तेवीस वर्षांची होती. म्हणजे तक्रार साफ खोटी.

वयाचा मुद्दा संपला, राहिले नाते. मी सरकारी वकिलांना फोन केला. त्यांनी नेमके सांगितले. हिंदू विवाह कायद्यात मामा आणि भाची निषिद्ध नात्यात येतात. पण दोन्ही बाजूंच्या घराण्यांत तशी जुनी, सतत चालत आलेली रूढी असेल तर कायदा त्या लग्नाला आडवा येत नाही. रूढी आहे की नाही ते कोर्ट ठरवील, पोलिसांनी ठरवायचे नाही. "दोघं सज्ञान आहेत. तुम्ही मुहूर्तावर जाऊन उभे राहिलात तर अडचणीत तुम्हीच याल," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वरिष्ठांनीही फाइल बंद करायला सांगितले. मी बंद केली नाही. कारण तो कागद मला सोडत नव्हता. खोटा अर्ज करणाऱ्यांची एक भाषा असते. ते शिव्या देतात, चारित्र्यावर घसरतात, जुने हिशेब काढतात. या अर्जात तसे काहीच नव्हते. उलट कुणा अक्काच्या, बहुधा मुलीच्या आईच्या, बीपीची काळजी होती. शिवाय लिहिणारा पुण्या-मुंबईचा नव्हता. तिकडचा माणूस 'मुलीला' लिहितो. 'मुलगीला' लिहितो तो आमच्या इथल्या जुन्या घरातला, मराठी केवळ कानांनी शिकलेला माणूस. आणि 'जरा लवकर'ऐवजी कन्नड वळणाने 'स्वल्प लवकर' तर फक्त आम्हीच म्हणतो.

शुक्रवारी सकाळी मी त्या घरी गेलो. दारात मांडव घालणे चालले होते. मुलीच्या आईने दार उघडले. पन्नाशीच्या बाई, ताठ कण्याच्या, तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या. नवरा लवकर गेला. त्याच्या आधीच आईवडीलही गेले होते. धाकट्या भावाला त्यांनी पोटच्या मुलासारखे वाढवले होते. मुलगी आणि भाऊ दोघेही त्यांच्याच हाताखाली मोठे झालेले.

"निनावी अर्ज आलाय, म्हणून विचारायला आलो," मी म्हणालो.

"विचारा की, सर. आमच्यात चालतं. माझी आजी तिच्या मामालाच दिलेली. आणि माझ्या भावाने तीन चांगली स्थळं नाकारली. का नाकारली, मला काय कळत नाही?" बाई हसल्या. "तोंडाने बोलत नाही एवढंच. लहानपणापासून तसाच आहे."

मुलगी कॉफी घेऊन आली. मी तिला आईसमोरच विचारले, "बाळ, तुझी मर्जी आहे ना?"

"आई म्हणते ते सरी, बरोबरच," ती म्हणाली आणि पेला ठेवून आत गेली.

तेवढ्यात नवरदेव मांडवाच्या शिडीवरून खाली उतरला. तेहतीस-चौतीस वर्षांचा, हेब्बाळकडच्या कंपनीत काम करणारा शांत माणूस. लग्न दोन दिवसांवर आलेले असताना दारात पोलीस दिसला की कुठल्याही नवऱ्याचा चेहरा उतरतो. याचा उजळला. तो हात पुसत माझ्यापुढे आला आणि हळूच म्हणाला,

"मला घेऊन जायचंय का, सर?"

"कशासाठी?"

"नाही, आपलं विचारलं."

मी बाहेर पडलो. समोरच्या दुकानदाराने बाईंना हाक मारली, "मिस, केळीचे खांब आले!" शेजारच्या आजीबाईंनीही गॅलरीतून विचारले, "मिस, कोण आलं होतं?" सगळी गल्ली त्यांना मिस म्हणत होती. मग मांडवातून नवरदेवाचा आवाज आला, "अक्का, फुलवाला विचारतोय."

जीप कोपऱ्यावरून वळली आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, "थांबव."

बंगळुरात कुठल्याही मोठ्या बाईला अक्का म्हणतात, त्यामुळे त्या शब्दावर माझी नजर अडकलीच नव्हती. पण या बाईंना मुलगी आई म्हणत होती आणि जग मिस म्हणत होते. अक्का म्हणणारा माणूस या घरात एकच होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार आली होती, तक्रार त्यानेच केली होती! मला तिथेच मोठ्याने हसू आले, आणि लगेच ते मावळले. माणूस स्वतःला अटक करा म्हणून पोलिसांना लिहितो, तेव्हा त्याच्यापुढचे सगळे रस्ते बंद झालेले असतात.

शनिवारी सकाळी दहाला त्याला ठाण्यात बोलावले. पुढ्यात कोरा कागद ठेवला.

"तुमचा जबाब तुमच्या हाताने लिहा. मराठीत."

"कन्नडमध्ये लिहितो, सर. माझं मराठी लिहिणं चांगलं नाही."

"वाचणारा मी आहे. लिहा."

त्याने पेन उचलले. तिसऱ्याच ओळीत त्याने लिहिले, 'मुलगीला मी ती लहान असल्यापासून ओळखतो.' मी खणातला अर्ज काढून त्या कागदाशेजारी ठेवला. एकच अक्षर, एकच चूक. त्याने दोन्हींकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले.

"खोटी खबर देणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"हो, सर."

"मग?"

"वकिलाकडे गेलो होतो. मामा-भाचीचं लग्न कायद्याने अडतं का विचारलं. ते म्हणाले, तुमच्या घरात आधी झालंय, अडणार नाही. नातं अडवेना, म्हणून वय घातलं. बालविवाह म्हटलं की पोलीस लगेच येतात असं ऐकलं होतं."

"तुरुंगात गेला असता!"

"अक्कासमोर उभं राहून नको म्हणण्यापेक्षा ते सोपं वाटलं." त्याने दोन्ही कागद बाजूला सारले. "तिने मला वाढवलंय, सर. आजवर तिचा एक शब्द मी मोडला नाही. पण पोरीला मी शाळेत सोडायचो. तिची वेणी सुटली तर रस्त्यात बांधून द्यायचो. मी तिचा नवरा कसा होऊ?"

"आणि ती तीन स्थळं?"

"तेव्हा भाची शिकत होती. तिचं आधी मार्गाला लागू दे म्हटलं, एवढंच. अक्काने भलताच अर्थ काढला."

"भाचीला काय हवंय?"

"तिला हवं असेल. ती कधी नको म्हणाली नाही."

त्याला मी माझ्या खोलीतच बसवले आणि महिला कॉन्स्टेबलला मुलीकडे पाठवले. तासाभरात ती मुलीला घेऊन आली. बाहेरच्या खोलीत तिच्याशी बोलायला मी महिला कॉन्स्टेबललाच सांगितले. अशा वेळी पुरुषाने प्रश्न विचारू नयेत, एवढे नोकरीत शिकलो होतो. दार उघडे होते. मुलगी आधी 'आई म्हणते ते सरी' एवढेच पुन्हा म्हणाली. मग एकदम बांध फुटल्यासारखी बोलू लागली.

"मामाने माझ्यासाठी लग्न लांबवलं असं आई सांगते. माझी शाळा, कॉलेज, माझं दुखणंखुपणं, सगळं त्याने केलं. आता तो मागतोय तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? पण मॅडम, तो माझा मामा आहे हो. मला दुसरं काही दिसतच नाही त्याच्यात."

माझ्या खोलीत खुर्ची करकरली. नवरदेव उठून दारात जाऊन उभा राहिला होता.

"तुला नकोय?"

मुलगी दचकली. "तू इथे? तुला हवंय ना?"

"मला? अगं, मीच तर पोलिसांना लिहिलं!"

मग ती पोर हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मामाने सवयीने तिच्या डोक्यावर टपली मारली. वायरलेस चालू, दोन तक्रारदार बाकावर ताटकळलेले, आणि आमचे अख्खे ठाणे या दोघांकडे पाहत होते. हेड कॉन्स्टेबलने डोळे पुसले. मी स्वतः काय करत होतो ते लिहीत नाही.

पण खरा डोंगर पुढेच होता. दुपारी आम्ही घरी गेलो. मांडव पुरा झाला होता, आत हळद वाटणे चालले होते. दोघेही माझ्या मागे लपल्यासारखे उभे. मी अर्ज बाईंच्या हातात दिला.

"हे अक्षर ओळखता?"

गणिताच्या शिक्षिकेने कागद वरपासून खालपर्यंत दोनदा तपासला. शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"माझ्या बीपीची काळजी करत पोलिसांना लिहिलंस," त्या भावाला म्हणाल्या, "आणि मला सांगायला तुला तोंड नव्हतं?"

"अक्का, भीती वाटली."

"माझी?"

त्याने मान हलवली. बाईंनी मुलीकडे पाहिले. तिनेही मान खाली घातली. बाई मटकन पाटावर बसल्या. मला वाटले, आता आकांत होणार. पण त्यांनी अर्जाची नीट घडी घालून तो मला परत दिला. मग उठल्या, हळदीची वाटी उचलून स्वयंपाकघरात ठेवून आल्या आणि भावाला म्हणाल्या, "भटजींना फोन लाव. नाही, थांब. मीच बोलते."

लग्न मोडले, जेवणावळ मोडली नाही. स्वयंपाकी आले होते, पाहुणे निघाले होते. रविवारी सकाळी मंटपाच्या दारात बाई स्वतः उभ्या राहिल्या आणि प्रत्येक पाहुण्याला सांगत होत्या, "लग्न नाही, पण जेवून जा." कोणी कुजबुजले, कोणी तोंड वाकडे केले. त्यांनी कोणाला उत्तर दिले नाही. मी गणवेशातच पंगतीला बसलो होतो. मामा भात वाढत होता, भाची त्याच्या मागून सांबाराची बादली घेऊन येत होती, आणि दोघांचे कशावरून तरी भांडण चालले होते. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, माझ्या घरात मला कोणी नाही म्हणत नाही, हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते," त्या म्हणाल्या. "वर्गात मुलं अशी गप्प बसली की मला लगेच कळायचं, यांना समजलेलं नाही."

खोट्या खबरीबद्दल त्याच्याकडून मी लेखी माफी घेतली, वरिष्ठांपुढे सगळी हकीगत ठेवली आणि 'अर्जात तथ्य आढळले नाही' असा शेरा मारून फाइल बंद केली. माझ्या नोकरीतला हा सगळ्यात खरा अर्ज होता. त्यावर तो शेरा लिहिताना मला मौज वाटली.

कोणी कोणाशी लग्न करू नये याची यादी कायद्यात आहे, आणि ती हवीच. पण त्या यादीत न अडकणाऱ्या माणसांनी लग्न केलेच पाहिजे, असे कुठेही लिहिलेले नाही. माझ्या हेड कॉन्स्टेबलचे लग्न आणि हे न झालेले लग्न, नात्याने अगदी एकसारखे. फरक एवढाच की त्या पहिल्या दोघांना एकमेकांशी लग्न करायचे होते. तोपर्यंत लग्नाची तक्रार आली की मी आधी वयाचा दाखला मागत असे, मग नाते विचारत असे. पुढच्या दोन वर्षांत क्रम बदलला. मी आधी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवू लागलो, चहा मागवू लागलो आणि विचारू लागलो, "तुला हवंय का?" आणि उत्तर यायला वेळ लागला, तर तेवढा वेळ थांबू लागलो.