दोघांचे नारळ

शेजारच्या खोलीतल्या पोरीची वेणी मी घालून दिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या. एरवी लालबागच्या चाळीत ही काही बातमी नव्हे. पण तेव्हा धाकटा भाऊ परळच्या हॉस्पिटलात रक्ताच्या कॅन्सरने पडून होता आणि औषधांनी त्याच्या अंगात लढायची ताकदच उरली नव्हती. रात्रंदिवस त्याच्याजवळ मीच बसायची. साध्या कांजिण्यांनीसुद्धा तो जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मला विचारलं, "तुम्हाला येऊन गेल्यात का?"

माझ्याआधी आईच बोलली. "दोघांना एकदमच आलेल्या. गिरण्यांच्या संपात. माहीमला शीतळादेवीला दोघांचे नारळ फोडलेत मी."

डॉक्टरीणबाईंना नारळ पुरले नाहीत. अंगात कांजिण्यांविरुद्धची ताकद आहे की नाही ते रक्तात कळतं म्हणे, म्हणून त्यांनी माझं रक्त काढायला लावलं. मला त्यांचा रागच आला. मला सगळं लख्ख आठवत होतं. संपामुळे दिवसभर घरी असलेले बाबा भायखळ्याहून कडुनिंबाचा पाला आणायचे. त्या पाल्यावर आम्ही दोघं निजायचो. घरात फोडणी बंद. शेवटी पाल्याच्या पाण्याने दोघांची अंघोळ.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. माझ्या रक्तात काही नव्हतं. मला कांजिण्या कधी आल्याच नव्हत्या.

आईला खोदून विचारलं तेव्हा कळलं. आल्या होत्या फक्त भावाला. आज एकाचं, पुढच्या महिन्यात दुसरीचं, असं दोनदा कोण पाळत बसणार, म्हणून तिने मला मुद्दाम त्याच्या शेजारी निजवलं होतं. "तुला पण दोन-चार उठल्या असतीलच की," ती म्हणाली. देवीचं सगळं दोघांचं केलं, म्हणजे देवी दोघांना आली, हे ती धरूनच चालली होती. आणि मीही.

लागण झाली असली तर एकवीस दिवसांत कधीही उठेल, तोवर वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही, असं मला सांगितलं. आईच्या कपाळावर लहानपणच्या कांजिण्यांचे वण होते, ती आत बसू लागली. मी डबा न्यायची, जिन्याखाली तिच्या हातात द्यायची आणि चालत परत यायची. "ताई कुठाय म्हणून विचारतो," ती सांगायची. मी म्हणायची, "येईल म्हणून सांग." रडू येत नव्हतं. भूक लागायची, झोपही लागायची, त्याची तेवढी लाज वाटायची.

चौदाव्या दिवशी तो गेला. कांजिण्यांनी नाही, त्याच्याच आजाराने.

एकविसावा दिवस सुतकात आला. माझ्या अंगावर एक फोड उठला नाही. भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या, शेवटी बहीण जवळ नव्हती का? आई सांगायची, "तिला कांजिण्या आलेल्या ना!" मी तिथेच, तिच्या शेजारी बसलेली असायची. बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मी मान हलवायची.