पडद्यावरची खालची ओळ

कुणाच्याही घरी गेलं की चहाच्या आधी मला बिघडलेला कम्प्युटर दाखवतात. मी भंडाऱ्याच्या एका शाळेत संगणक शिकवते, त्याची ही शिक्षा. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी पवनीला माहेरी पोचले आणि बाबांनी दारातच "आधी कम्प्युटर पाह्य" म्हटलं, तेव्हा मी चिडलेच. बसमध्ये उभ्याने आले होते, डोकं तापलं होतं.

"बिघडला काय?"

"बिघडला नाई," बाबा हळूच म्हणाले. "माह्या फाईलीत कोणीतरी हात घालून राह्यलं."

ती फाईल म्हणजे आमच्या घराची किनार. बाबांनी उभं आयुष्य हातमागावर काढलं. करवतीच्या दातांसारखी किनार इथले पुष्कळ विणकर काढत, पण आमच्या आजोबांनी बसवलेल्या किनारीतले दात सारखे नव्हते. लहानमोठे दात एका ठरलेल्या हिशेबाने येत आणि तो हिशेब कुठेही लिहिलेला नव्हता. बाबांच्या हातात होता, बस. त्या किनारीचं घरातलं शेवटचं लुगडं आई गेली तेव्हा तिच्या अंगावर घातलं आणि ते तिच्यासोबत गेलं. पुढे गुडघे गेले, माग बंद झाला. मग मीच बाबांना कम्प्युटरवर चौकटींची शीट कशी भरायची ते शिकवलं. एक चौकट म्हणजे एक धागा, त्यात रंग भरायचा. बाबांना ते इतकं आवडलं की जेवायला चारदा हाका माराव्या लागत. किनार पुरी उतरून झाली की ती कोणीही विणू शकेल, असं ते म्हणायचे. ती त्या एका फाईलीत होती, बाकी कुठेच नाही.

मी फाईल उघडली. बाबांनी बोट ठेवून दाखवलं, मधले दात सरकले होते म्हणे. मला सरकलेले आणि न सरकलेले दात सारखेच दिसत होते.

"हे मी केलं नाई. घरात दोघंच आहोत," बाबा म्हणाले आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

दोघं म्हणजे बाबा आणि माझी वहिनी. भाऊ नागपूरला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी येतो आणि रविवारभर झोप काढतो. वहिनी आसगावच्या धानवाल्यांची लेक, कामाला वाघीण, पण माऊसला हात लावायला अजून घाबरते. मी बाबांवर ओरडले. पोरीवर आळ घेता का म्हणून. त्यांची नजर काही बदलली नाही.

मी म्हटलं, पाच मिनिटांत जुनी फाईल काढून देते. कम्प्युटर अधूनमधून स्वतःची एक खूण ठेवतो, तिला रिस्टोर पॉइंट म्हणतात. सिस्टीम बिघडली तर त्या खुणेपर्यंत मागे जाता येतं, आणि बाबांच्या त्या जुन्या यंत्रात त्या खुणेबरोबर फाईलींची आधीची रूपंही सापडत. मी ऐटीत यादी उघडली. एकही रिस्टोर पॉइंट नव्हता.

असं होतं कधीकधी. सोय बंद पडलेली असते, नाहीतर जागा कमी पडते. मी पाहिलं तर सोय चालू होती, डिस्क अर्ध्याहून रिकामी होती. मी त्या खुणांना आणखी जागा नेमून दिली, हाताने एक नवा पॉइंट करून त्याला 'रविवार' असं नाव दिलं आणि फाईलीची एक कॉपी माझ्या पेन ड्राइव्हवर घेतली. बिघडलेलीच होती, पण असू दे म्हटलं.

पुढच्या रविवारी 'रविवार' नव्हता. यादी परत रिकामी.

मी पेन ड्राइव्हवरची कॉपी आणि कम्प्युटरवरची फाईल शेजारी शेजारी लावली. सात दिवसांत सव्वीस चौकटींचे रंग बदलले होते. मी त्या दोन्ही चित्रांकडे बघत बसले आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मला भीती वाटली. व्हायरस फाईली खाऊन टाकतो, कुलूप लावतो. सव्वीस धागे निवडून त्यांचे रंग बदलत नाही. तसं करायला माणूस लागतो आणि त्याला खुर्चीवर बसावं लागतं.

तरी मी व्हायरस शोधला. कचरा साफ करणारा एक फुकटचा प्रोग्राम पडला होता, तो काढून टाकला. वेळापत्रक लावून रोज सकाळी आपोआप एक पॉइंट होईल असं केलं. तिसऱ्या रविवारी एकही नव्हता. बाबा माझ्या मागे उभे होते. "मी सांगत होतो," एवढंच म्हणाले, आणि मला वाटलं, त्यांना थोडं बरं वाटलं.

मी पाणी प्यायला आत गेले तर वहिनी ओट्याशी डोळे पुसत होती.

"ताई, बाबा माह्या हातचा चहा घेत नाई आता. मी काय केलं वं त्यांचं?"

मी विचारलं, आठवड्यात कोणी येतं का कम्प्युटरवर बसायला.

"कोणी नाई येत. बाबाच दुपारी आतून कडी लावून राह्यते. घरघर आवाज येते, कागद निघाल्यासारखा. मी इचारलं तर म्हणते, मी झोपलो होतो."

कागद म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मग लाजच वाटली. घरातला प्रिंटर कम्प्युटरहून जुना. तो नव्या सिस्टीमवर चालत नव्हता, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच त्या कम्प्युटरवर तिच्याआधीची सिस्टीमही बसवून दिली होती. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. वरची नवी, खालची जुनी. "छापायचं असलं की खालची ओळ," असं मीच स्केचपेनने लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं होतं. आणि जुन्या सिस्टीमला नव्या सिस्टीमने ठेवलेल्या खुणा कळत नाहीत. ती सुरू होताना डिस्क बघते आणि तिच्या मते वेडंवाकडं असलेलं सगळं मोडून टाकते. हे मला ठाऊक होतं. शाळेत एका कम्प्युटरवर हेच निस्तरलं होतं मी. घरच्या कम्प्युटरचा मात्र मला तीन रविवार पत्ता लागला नाही.

म्हणजे पॉइंट कोण पुसत होतं ते कळलं. बाबा रोज खालची ओळ निवडत होते. पण रोज छापत काय होते?

मी बाबांना सरळ विचारलं. वाटलं होतं रागावतील. ते उठले, उशीखालची किल्ली घेतली आणि कपाटाचा खालचा खण उघडला. आत कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर तीच किनार.

"पडद्यावरचं बदलते," बाबा म्हणाले. "कागदावरचं कोण बदलीन? म्हणून रोज एक काढून ठेवतो."

मग ते कसं तपासतात तेही त्यांनी दाखवलं. माग चालू होता तेव्हा त्यांची एक सवय होती. दिवसभर विणलेलं कापड संध्याकाळी आधीच्या हातभर कापडाशी लावून पाहायचं, दात चुकला असेल तर उसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नीट विणायचं. तेच ते आता करत होते. खणातला एखादा जुना कागद काढायचा, आजच्याशी लावायचा, फरक दिसला की फाईल त्याच्याप्रमाणे दुरुस्त करायची, पुन्हा छापायचं.

"पण रोज येगळंच निघते," ते म्हणाले. "काल बराबर करून ठेवतो, आज पाह्यलं का पुन्हा चुकलेलं. काहून करून राह्यलं कोणी असं? आपली एकच तर चीज आहे."

मी कागद जमिनीवर पसरले. पंख्याने उडू नयेत म्हणून वहिनीने कडांना वाट्या ठेवल्या. एकावरही तारीख नव्हती, नंबर नव्हता. रोज काढून, लावून, परत ठेवून क्रम कधीच मोडला होता. मी गुडघ्यांवर सरकत एकेक कागद पाहत गेले. दोन कागद एकसारखे नव्हते. काहींत दात मोठे होत गेले होते, काहींत गळून गेले होते, एकात तर अर्धी ओळ उलटी फिरली होती. फाईलीत हात घालणारं माणूस कोण हे मला कळलं होतं, वहिनीलाही कळलं होतं. तिने पदर तोंडाशी धरला आणि ती आत गेली. बाबांना कळलं होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांना घेऊन कोणत्या डॉक्टरकडे जायचं, भावाला काय सांगायचं, असं सगळं एकदम डोक्यात आलं, आणि सगळ्यात आधी हे आलं की यातला एक कागद बरोबर आहे. सुरुवातीच्या दिवसांतला, हाताला तो हिशेब अजून आठवत होता तेव्हाचा. तो इथेच कुठेतरी आहे.

बाबा वाकले. बराच वेळ शोधून त्यांनी दोन कागद उचलले, खिडकीच्या उजेडात धरले, एकदा हा पाहिला, एकदा तो. त्यांचा अंगठा दातांवरून सरकत होता. मग त्यांनी दोन्ही कागद माझ्या हातात दिले.

"यातला बराबर कोणता, तू सांग."

मी लहान असताना मागाजवळ गेले की बाबा मला हाकलायचे. जा, अभ्यास कर, मागाच्या या खड्ड्यात तुले पाय घालू देणार नाई. मी अभ्यास केला. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला मी कधी हात लावला नाही.

"सांग ना वं," बाबा म्हणाले. "तू तर शिकलेली आहेस."

मी दोन्ही कागद पाहिले. मला कळेना.