गॅविन रेटीची थिजलेली पेज

गॅविन रेटी नांगऱ्या होता तेव्हा पहाटे लाकडी वाडग्यात ओटाचं भरड पीठ आणि चिमूटभर मीठ घेई, वर उकळतं पाणी ओतून चमच्याच्या दांड्याने ढवळी, आणि एकेक घास शेजारच्या वाटीतल्या दुधात बुडवून खाई. बकन परगण्यातल्या, वाऱ्याने सोललेल्या जमिनीत नांगर धरणारा प्रत्येक गडी असंच खातो. आपलं वाडगं आपण ढवळायचं, तेही गरम. एवढा एकच मान त्यांच्या वाट्याला असतो.

सासरा मेला, ब्रेकहिलचं शेत हाती आलं, आणि गॅविनला ओटाचा वास सोसेना. तो दिवाणखान्यात बसून पांढऱ्या पावाला मुरांबा लावू लागला. दोन वर्षांपूर्वी शेणात उभं राहून जेवलेला माणूस आता करंगळी वर धरून चहा पीत होता.

पुढे त्याला गड्यांसाठी रोज सकाळी चूल पेटवणंही जिवावर येऊ लागलं. मोलकरीण एल्स्पेटला त्याने फर्मावलं, रविवारी एकदाच पेज शिजव, कपाटाच्या ओढायच्या लाकडी खणात ओत, थिजली की आठवडाभर वड्या कापून वाढ.

"धनी, मेंढरांमागे जाणारा अशी वडी खिशात टाकतो," ती म्हणाली. "पण त्याच्याही घरी सकाळी चूल पेटते."

"ओट तो ओटच," गॅविन म्हणाला.

शुक्रवारपर्यंत वडीला जुन्या लाकडाचा वास लागे, तरी गडी मुकाट खात. त्या मुकाटपणाला हा बावळट समाधान समजला.

मे महिन्यात गड्यांचे करार संपत आले. ज्याला ठेवायचं त्याला मालकाने आधी विचारावं, अशी तिकडची रीत. सलगमाची पेरणी तोंडावर होती. ती हुकली तर हिवाळ्यात गुरं उपाशी मरणार, म्हणून गॅविन स्वतः तबेल्यात गेला. आघाडीचा नांगऱ्या स्क्रोगी घोड्याचा खरारा करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "दुसरीकडे बघितलंय." बाकीच्या दोघांनीही तेच सांगितलं. एल्स्पेटने तर पेटी आधीच बांधली होती.

टरिफ गावच्या बाजारात गडी ठरवायला गॅविन उन्हं कलेपर्यंत फिरला. बातमी त्याच्याआधी पोचली होती. तो दिसला की माणसं हवापाण्याचं बोलू लागत. शेवटी मोर नावाचा एक म्हातारा थांबला. मजुरीचं त्याने विचारलंच नाही.

"सकाळी पाणी उकळतं का तुमच्याकडे?"

"उकळेल," गॅविन म्हणाला. "रोज. शब्द देतो."

त्याने सौद्यासाठी हात पुढे केला. म्हाताऱ्याने त्या हाताकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात खिशात घातले.

"तुम्ही ओट खाल्लेले, मालक. म्हणून तर जास्त राग येतो," तो म्हणाला आणि चालू लागला.

करार संपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रेकहिलच्या रानात गॅविन एकटाच नांगरत होता. सवय मोडलेल्या हातांखाली नांगराचं तास सापासारखं वाकडं जात होतं. बांधावरच्या दगडी भिंतीला रेलून शेजारी बघत होते, आणि हसण्याचेही कष्ट घेत नव्हते.