भरमाण्णा आणि अकरा नोंदी

वजन घटवायच्या गोळ्या विकणाऱ्याला 'सप्रेम नमस्कार' लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भरमाण्णा. बेंगळुरूतल्या मराठी घरांना उपयोगी पडेल अशी एक सूची आम्ही चार स्वयंसेवक इंटरनेटवर चालवायचो. भटजी कुठे मिळतील, डबा कोण देतं, पेटी कोण शिकवतं, असली माहिती. कुणीही फॉर्म भरावा, आम्ही तपासावा, मगच ती नोंद लोकांना दिसावी. चौघांतले दोघे नावापुरतेच. उरलो मी आणि पोस्टातून निवृत्त झालेले, मूळ निपाणीचे पण चाळीस वर्षं जयनगरात मुरलेले भरमाण्णा.

फॉर्म सगळ्यांना खुला, त्यामुळे कचराही धो-धो. कर्ज घ्या, टक्कल घालवा, लॉटरी लागली, वशीकरण करून देऊ! मी दिसला स्पॅम की उडवायचो. अण्णा मात्र प्रत्येकाला उत्तर धाडायचे: "आपली नोंद मिळाली. ही सूची घरगुती कामांची आहे. आपल्या गोळ्यांची इथे सोय होणार नाही. कळावे."

मी वैतागून म्हणायचो, "अण्णा, पलीकडे माणूसच नाहीये हो, मशीन आहे!"

"असू दे की रे. त्याला तरी दुसरं कोण विचारतंय?"

पोस्टात पत्ता न लागणाऱ्या पत्रांचं काम त्यांच्याकडे होतं. 'धाकट्या काकांना, मारुतीच्या देवळामागं' एवढ्यावरून त्यांनी पत्रं पोचवली होती म्हणे. "पत्ता चुकला म्हणून माणूस खोटा होत नाही," हे त्यांचं पालुपद. खरं सांगतो, मला त्याचा भारी कंटाळा यायचा. मी पुण्याचा, त्यात सॉफ्टवेअरवाला. मला कुणी एकदा सांगितलेलंही जास्त होतं.

एका आठवड्यात कचऱ्यानं कहर केला. एचएसआर लेआउटमधल्या माझ्या खोलीत बसून मी एक नियम लिहून टाकला. एकाच नंबरावरून तीनपेक्षा जास्त नोंदी आल्या, की सगळ्या कचरापेटीत, आणि त्या नंबरावरून पुढे येतील त्याही तिथेच. सूची कशी लख्ख झाली! कौतुक करून घ्यायला मी रविवारी सकाळीच अण्णांकडे हजर. तर हे चष्मा नाकावर ओढून कचरापेटी वाचत बसलेले.

"स्वल्प, जरा इकडं ये," ते म्हणाले. आवाजात नेहमीची गंमत नव्हती. "ह्या अकरा नोंदी कुणाच्या?"

"एकाच नंबराच्या. स्पॅम."

"वाच की मग."

वाचल्या. पहिली, 'मांडे करून मिळतील.' बस्स. दुसरीत नाव आलं, शालिनी. तिसरीत पत्ता. चौथीत 'बेळगावकडचे, कागदासारखे पातळ.' सातवीत नमस्कार होता, आधी राहून गेल्याची माफी मागून. दहावीत लिहिलं होतं की, चिक्कोडीहून एकटी आले आहे, महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही तर भावाकडे परत जावं लागेल, आणि मला जायचं नाही. अकरावी एका ओळीची: 'माझं काही चुकतंय का?'

"लबाड माणूस अकरा वेळा तेच लिहितो," अण्णा म्हणाले. "ही बाई दर खेपेला सुधारून लिहालीय. आणि आपली सूची फॉर्म भरल्यावर तिला काय दाखवते?"

काहीच नाही. आम्ही मंजूर करेपर्यंत तिला वाटणार, गेलीच नाही नोंद. महिना संपायला दोन दिवस उरले होते.

"सुक्याबरोबर ओलं जाळलंस की रे!"

"अण्णा, तुम्ही करा ना फोन. तुम्हाला जमतं बोलायला."

"सरी, बरं. नंबर मी लावतो. बोलायचं तू." आणि खरंच नंबर लावून फोन माझ्या हातात कोंबला.

पलीकडे चिकटपट्टी ओढल्याचा करकर आवाज येत होता. खोकी बांधणं चाललं होतं. मी नाव सांगितलं आणि म्हणालो, "ताई, तुमच्या नोंदी मी पुसल्या. तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी."

चिकटपट्टीची करकर थांबली. मी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर अण्णांनी हातानंच गप्प केलं.

"म्हणजे पोचत होत्या?" त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा?"

"हो."

"अगं बाई!" त्या हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. "मला वाटलं, मला ते भरताच येत नाही. म्हणून तर निघाले होते हो."

शालिनीताई गेल्या नाहीत. त्याच दुपारी अण्णांनी त्यांची नोंद लावली आणि जयनगरातल्या ओळखीच्या घरांत फोनांचा सपाटा लावला. नियम मी काढून टाकला. अण्णांनी पुन्हा तो विषय कधीच काढला नाही, आणि मलाही तो काढायचा धीर झाला नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला, कुणी सांगितलेलं नसताना, शालिनीताई मांडे घेऊन आल्या आणि स्वतःच वाढायला लागल्या. माझ्या पानाशी वाकून म्हणाल्या, "अण्णा नेहमी सांगायचे हो मला, त्या दिवशी तुम्ही हट्टच धरलात म्हणे. 'चूक माझी आहे, फोन मीच करणार' म्हणून."

मी मान वर केली नाही. एवढी लाज आणि एवढी माया मला एकदम कधी वाटली नव्हती.